निंबाची डहाळी आणि गॉब्लिन मोड

“दोन दिवस ह्या घरात कोकिळा नावाची बाई राहत नाही!” कोकिळानं आरशाला बजावलं. “इथं आता गॉब्लिन राहतो!”

आरसा बिचारा काय बोलणार? लग्न होऊन चोपड्याला आली तेव्हापासून वेणी घालून, कुंकू लावून, गळ्यात मापाची टेप अडकवून शिलाई मशीनवर बसणारी बाईच त्यानं पाहिली होती. आज समोर उभी होती तिच्या केसांत कंगवा नाही, अंगात लेकीचा सैल टी-शर्ट, खाली विटका परकर आणि हातात अर्धी खाल्लेली कैरी. आरशाला वाटलं असेल, मालकीण बदलली!

हा शब्द घरात आणला तो रूपानं, तिच्या लेकीनं. अकरावीतल्या पोरी मोबाईलमधून रोज काहीतरी नवं वेचून आणतात, तसा हाही आणला. चार दिवसांपूर्वी सगळे जेवायला बसले असताना म्हणाली, “मम्मी, तू एकदा गॉब्लिन मोडवर जा. तुला गरज आहे.”

“ते कोणत्या बसस्टँडवरून जातं?” ज्ञानेश्वरनं विचारलं. हे रूपाचे वडील. केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाला बसतात आणि घरी विनोदाला.

“पप्पा! गॉब्लिन म्हणजे तिकडच्या गोष्टींमधलं बुटकं भूत. केस पिंजारलेले, सापडेल ते खाणार, पसारा करणार, दिवसभर लोळणार. माणूस तसा वागायला लागला की म्हणायचं, गॉब्लिन मोड!”

“म्हंजे आळशी शे, असं सांग ना!” सासूबाई झुंबरबाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या.

“नाही आजी. आळशी माणसाला लाज वाटते. ह्यात अजिबात वाटत नाही!”

सगळे हसले. कोकिळा हसली नाही. तिचा घास हातातच राहिला. लाज न वाटता लोळायचं! नुसतं ऐकूनच तिच्या पाठीचा मणका न् मणका सैल झाला.

कारण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. खान्देशातल्या लेकींची खरी दिवाळी आखाजीला असते. भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, माहेरी निंबाच्या फांदीला झोका बांधलेला असतो, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी असते, आणि सासुरवाशीण लेक दोन दिवस पुन्हा पोर होते. पण माहेरी जायला नवा ब्लाउज लागतो! आणि अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवायचे कोणी? कोकिळानं! सगळ्याजणी तिनं शिवलेल्या बाह्यांमध्ये हात घालून माहेरी निघायच्या आणि ती दारात उभी राहून त्यांना हात करायची. एका वर्षी रूपाची कावीळ, एका वर्षी आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, गुडघा, आणि बाकी सगळी वर्षं ब्लाउज. किती आखाज्या झाल्या, तिचा झोका रिकामाच हलत होता.

ह्या वर्षी मात्र तिनं मशीनला पळवलं. सगळे ब्लाउज वेळेआधी हातावेगळे केले आणि भावाला, वनाला, फोन केला. “शनिवारी सकाळी ये. उशीर करशील तर मी चालत निघेन!”

तेवढ्यात जामनेरचं लग्न आलं. ज्ञानेश्वरच्या मावसभावाचं. गुरुवारी जायचं, शनिवारी सकाळी परत. कोकिळानं चेहरा जमेल तितका दुःखी केला. “तुम्ही जा. माझे ब्लाउज राहिलेत.”

ब्लाउज एकही राहिला नव्हता. रूपानं जाताना आईला डोळा मारला. झुंबरबाईंनी तो पाहिला, पण बोलल्या नाहीत. जुनी माणसं पाहिलेलं सगळं लगेच खर्च करत नाहीत.

तर असा गुरुवार उजाडला!

काय सांगावं त्या दिवसाचं सुख! दाराला सडा नाही, रांगोळी नाही. आंघोळ? तिला सांगा, उद्या ये! कोकिळानं कूलरसमोर गादी ओढली आणि तिच्यावर अशी पडली, जसे मालधक्क्यावर केळीचे घड पडतात. एका हाताला शेव-मुरमुऱ्याचं पातेलं, दुसऱ्या हाताला केळीचे वेफर्स, उशाशी तिखट-मीठ लावलेल्या कैऱ्या. वाटी घ्यायला उठायचं कशाला? पातेलं काय वाटीचंच मोठं भावंड! मोबाईलवर मालिकेचे भाग एकामागून एक. चार आंबे तिनं चोखून खाल्ले, कोयी परातीत टाकल्या आणि परात पायानं सरकवली. पायानं! हे आत्याबाईंनी पाहिलं असतं तर परात आणि पाय दोन्ही गोमूत्रानं धुतले असते.

दुपारी माश्या आल्या. आंब्याच्या साली पाहून सबंध तालुक्यातल्या माश्यांना आवतण गेलं असावं. साली उचलून टाकायच्या तर उठावं लागणार. तसं उठावं लागलंच, पण कोकिळानं त्यातल्या त्यात सोपं काम निवडलं. अंगणातल्या निंबाची हाताला आलेली एक डहाळी मोडली, दाराच्या कडीत खोचली आणि परत येऊन पडली. निंबानं माश्या पळतात म्हणे. पळाल्या की नाही कोण जाणे, तिला झोप लागली होती.

संध्याकाळी लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. वैशाखातलं चोपडं, बंद कूलर, बिनआंघोळीचं अंग, पोटात चार आंबे आणि तिखट-मिठाच्या कैऱ्या! शुक्रवारी कोकिळा जागी झाली तेव्हा कपाळापासून गळ्यापर्यंत घामोळ्या नुसत्या फुलल्या होत्या. लाल लाल, टपोऱ्या. तिनं गाल खाजवला, हातावर शेवेचा एक तुकडा सापडला, तो खाल्ला आणि कूस बदलली. गॉब्लिनला कसली आलीय लाज!

“कोकिळा! ए कोकिळा! अवं, ह्या दोन बाह्या जरा सैल करी दे ना!”

बेबाबाई! पलीकडच्या घरातली. गल्लीतली कोणतीही बातमी आधी बेबाबाईला कळते, मग ती जिच्या घरात घडते तिला. हातात पिशवी घेऊन ती दारापर्यंत आली आणि थबकली.

तिनं पाहिलं. अंगणात सडा नाही. दाराला निंबाची डहाळी. घरात केर तसाच, गॅस गार, फोडणीचा वास नाही. आणि अंथरुणावर केस मोकळे सोडलेली कोकिळा. तोंडभर लाल पुटकुळ्या!

बेबाबाईनं चपला काढल्या. पिशवी खाली ठेवली. हात जोडले.

“माय माय माय! माता कव्हय उनी वं?”

गोवर-कांजिण्या आल्या की आपल्याकडे त्याला रोग म्हणत नाहीत. माता आली म्हणतात. पाहुणीच ती. तिच्या मुक्कामात घरात झाडू मारायचा नाही, फोडणी द्यायची नाही, जिला माता आली तिनं केस विंचरायचे नाहीत, आंघोळ करायची नाही. दाराला निंब लावायचा. म्हणजे बघा, कोकिळानं आळसापायी जे जे केलं होतं, ते एकूण एक शास्त्राप्रमाणे झालेलं!

कोकिळा “नाही” म्हणणारच होती. नकार ओठापर्यंत आलाही. पण तेवढ्यात तिची नजर त्या पिशवीवर गेली. पिशवीतून एक ब्लाउज बाही बाहेर काढून तिलाच बोलावत होता.

आणि तिची मान हलली. वरून खाली. एकदाच.

“काल,” ती पुटपुटली.

बस, एवढंच तिचं पाप! बेबाबाई पिशवी उचलून उलट्या पावली गेली आणि कोकिळानं पाय ताणले. आता कोणी येत नाही! माता असलेल्या घरी कोण कशाला फिरकेल?

ह्यालाच म्हणतात शहाणपण पाटावर आणि अक्कल पाट्याखाली! अर्ध्या तासात गल्लीतल्या सगळ्या बाया दारात. कुणाच्या हातात पाण्याचा तांब्या, कुणाच्या हातात निंबाचा पाला, कुणाकडे दहीभात. पुढे बेबाबाई. दोन पोरांच्या वेळी माता तिनंच सांभाळलेली, म्हणजे ह्या खात्यातली ती कलेक्टर.

“मंदे, पहिले ते तिखट उचल! कैऱ्या उचल! शेव उचल! मातेला तिखट चालत नही!”

मंदाबाईनं पातेलं उचललं. कोकिळाचे डोळे पातेल्यामागे दारापर्यंत गेले.

“मोबाईल बंद करा. त्याच्या उजेडानं डोळ्यात फूल पडतं.”

मोबाईल गेला.

“कूलर बंद. मातेला आवाज खपत नही.”

“बेबाअक्का, कूलर राहू द्या ना!” कोकिळा कळवळली.

“गप पड, माय.” बेबाबाईनं तिच्या कपाळाला हात लावला. “भट्टीसारखं तापलंय!”

वैशाखात चोपड्यात कपाळ गार लागलं तर काळजी करायची, पण हे सांगतो कोण? गादीवर निंबाचा पाला पसरला, त्यावर कोकिळाला निजवलं. पाला टोचायला लागला. घामोळ्यांना तर उत्सवच! मग बाया भोवती बसल्या आणि हळू आवाजात गाऊ लागल्या,

ये गं माय, बैस गं माय, निंबाच्या सावली,
दहीभाताची थाळी तुझ्या लेकीनं लावली…

गाणं इतकं गोड होतं की क्षणभर कोकिळाला वाटलं, आपल्याला खरंच आजार आहे आणि आपण खरंच कुणाच्या तरी लाडक्या आहोत. मग पाठीला खाज सुटली.

दुपारपर्यंत तिला कळून चुकलं. हेच तर तिनं मागितलं होतं! झाडायचं नाही, रांधायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, नुसतं पडून राहायचं. फरक एवढाच, काल ती लोळत होती आणि आज तिला लोळवत होते. स्वतःच्या मर्जीची लोळण मऊ असते. दुसऱ्याच्या हुकमाची लोळण म्हणजे शिक्षाच!

“मला आंघोळ करू द्या हो!” ती शेवटी ओरडली. “मला काही झालेलं नाही!”

बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

“माता बोलतेय,” मंदाबाई कुजबुजली.

“असंच बोलते ती. आपल्याला पारखते,” बेबाबाईनं निर्वाळा दिला.

“अहो, मी कोकिळा बोलतेय! सगळ्याजणी घरी जा!”

“कोपली! कोपली!”

आणि बाया पटापट पाया पडायला लागल्या. मंदाबाई तर हुंदकाच देऊन बसली. “माय, माफ कर! कोकिळानं शिवलेला गळा मी नणंदेजवळ वाकडा म्हणाले. वाकडा नव्हता!”

मग बेबाबाई पुढे सरकली. तिनं पदर तोंडावर घेतला. मोठ्या कष्टानं शब्द बाहेर काढले. “माय… दर वर्षी मी कोकिळाशी भांडते, बाही घट्ट शिवली म्हणून. बाही बरोबर असते.” आवाज आणखी खाली गेला. “मीच जाड होत चालले, माय.”

असली कबुली मिळवायला कोकिळानं एरवी मशीन विकलं असतं! आज तिला हसताही येईना. डोळ्यांत पाणी आलं.

“शांत हो माय,” बेबाबाई म्हणाली. “काही काळजी करू नको. मी जामनेरला फोन केला, ते निघालेत. तुझ्या माहेरीही फोन केला. सांगितलं, ह्या आखाजीला मुराळी पाठवू नका. घरी माता आलीय.”

कोकिळा पाल्यावर ताडकन उठून बसली.

माता आलेल्या बाईला कोण नेणार? वनाची दोन लहान पोरं घरात. निंबाला झोका बांधून झाला असेल. मायनं आंबे भुशात घातले असतील. मुराळी पाठवू नका! सगळ्या वर्षाचे ब्लाउज, रात्रंदिवस पळवलेलं मशीन, सगळं त्या एका मान हलवण्यात गेलं.

ती रडायला लागली. मनापासून. मोठ्यानं.

“पाहा,” बाया हात जोडून म्हणाल्या, “माता पाझरली.”

दिवेलागणीला जामनेरची मंडळी आली. लग्न अर्धं टाकून. ज्ञानेश्वर दारातच उभा. रूपाच्या तोंडाचा रंग उडालेला. झुंबरबाई मात्र सरळ आत आल्या. सुनेजवळ बसल्या. गालावरून हात फिरवला. कपाळ पाहिलं, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. मग तिच्या केसांत बोटं घातली आणि काहीतरी काढून चिमटीत धरलं. शेव!

कोकिळानं डोळे घट्ट मिटले. आता बोलणार!

झुंबरबाईंनी ती शेव पदराला पुसल्यासारखी केली आणि बाहेर जाऊन म्हणाल्या, “बायाहो, आते घर जा. तिले पडू द्या.” त्यांनी कूलर चालू केला, आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. ते न बोलणं कोकिळाला सबंध रात्र निंबाच्या पाल्याहून जास्त टोचलं.

सकाळ झाली. गल्लीत मोटरसायकलचा आवाज आला.

वना! कोकिळा उठून खिडकीशी गेली. मुराळी म्हणून नाही, निरोप्या म्हणून आला होता. पाठीमागची सीट रिकामी. दारात आला नाही. अंगणाच्या कडेलाच दह्याचं मडकं ठेवलं, त्यावर निंबाचा टहाळा ठेवला. गल्लीतल्या बाया आपापल्या दारांत उभ्या.

“अक्का,” त्यानं खिडकीकडे न पाहताच हाक मारली. “माय म्हणे, बरी होईपर्यंत पाय उचलू नको. झोका सोडत नाही म्हणे मी. पुढच्या आखाजीपर्यंत राहू दे तसाच.”

आणि त्यानं किक मारली.

इंजिन सुरू झालं आणि कोकिळाच्या आतही काहीतरी सुरू झालं. ती धावली! टी-शर्ट, परकर, पिंजारलेले केस, पाठीला चिकटलेला पाला, अशी ती भर गल्लीत वाऱ्यासारखी आली आणि मोटरसायकलच्या पुढ्यात उभी राहिली.

“वना, थांब! मला माता नाही आली! मला आळस आला होता!”

निंबावरचा कावळासुद्धा अर्ध्या ‘काव’वर थांबला.

“ह्या घामोळ्या आहेत! मी आंघोळ केली नाही, सडा घातला नाही, परात पायानं सरकवली! आणि बेबाअक्कांच्या पिशवीत ब्लाउज दिसले म्हणून खोटीच मान हलवली! काय म्हणायचं ते म्हणा, पण मला माहेरी जाऊ द्या!”

रूपानं तोंडावर हात धरला. ज्ञानेश्वर आभाळाकडे पाहू लागला. मंदाबाईनं गळ्याला हात लावला. आणि बेबाबाई पावलापावलानं पुढे आली. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा, मग जांभळा.

“म्हणजे,” ती म्हणाली, “मी जाड झाले ते मी उगाच सांगितलं?”

कुणीतरी फिसकन हसलं. बेबाबाई गरकन वळली, हसणं तिथंच मेलं. “देवीच्या नावावर खोटं! माता कोपेल! सबंध गल्लीवर कोपेल!”

तेवढ्यात मागून झुंबरबाईंचा आवाज आला.

“नही कोपाव.” म्हातारी दुखऱ्या गुडघ्यानं पायरी उतरून आली. “मले कालच समजनं.”

“समजलं होतं?” कोकिळानं मान वर केली. “मग बोलला का नाहीत, आत्याबाई?”

“काय बोलू? इतला दिन बठ्ठ्या गावना ब्लाउज शिवी शिवी तुना डोया गयात. म्हटलं, पडीसन ऱ्हाऊ दे एक रात.” मग त्या बेबाबाईकडे वळल्या. “आनी माता काय कलेक्टर शे का? तीबी बाईमाणूसच शे ना? तिले समजस.”

बेबाबाईनं एकदा आभाळाकडे पाहिलं, बहुतेक कोप येतोय का ते बघायला. आला नाही. मग तिनं मडक्यावरचा टहाळा उचलला आणि कोकिळाच्या हातात कोंबला.

“उभी काय? पाण्यात टाक आणि आंघोळ कर! घामोळ्या बसतात त्यानं. वना, गाडी बंद कर, तुझ्या बहिणीला यायला तासभर तरी लागेल. काय केस झालेत, त्यात चिमणी घरटं करेल!”

निंबाच्या पाण्याची ती आंघोळ! पहिला तांब्या अंगावर पडला आणि कोकिळा न्हाणीघरात मोठ्यानं हसली. आळसाइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, गोड लागली. बाहेर बेबाबाई सगळ्यांना सांगत होती, “मला पहिल्यापासून शंका होतीच हो!”

रविवारी शिरपूरकडच्या माहेरच्या गावात आखाजीचं ऊन कलत होतं. पोटात आमरस, केस ओले मोकळे, सकाळपासून कोकिळानं काडी इकडची तिकडे केली नव्हती. तिची माय ताईबाई ओट्यावर बसून लेकीकडे बघत होती. झुंबरबाईंनी फोनवर सगळी हकिकत सांगितली होती, त्यामुळे मधूनच तिचे खांदे हसण्यानं हलत. निंबाखाली झोका वर जात होता, खाली येत होता, आणि कोकिळा गात होती,

झोका गेला उंच माय, दिसे सासरची वाट,
झोका आला खाली, पुढं आमरसाचं ताट!

गॉब्लिन मोड म्हणे! इथं तर त्याला आखाजी म्हणतात. पोरींनी अंग टाकायचं आणि वर बक्षीस म्हणून पुरणपोळी. लाज वाटायचा प्रश्नच नाही. सगळा गावच म्हणतो, लोळ!

“कोकिळाअक्का!” फाटकातून आवाज आला. शेजारची मोहिनी. हातात पिशवी. पिशवीतून एक बाही डोकावतेय. “अक्का, आलीच आहेस तर… जरा दोनच टाके गं!”

झोका हळूहळू थांबला. कोकिळानं मोहिनीकडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं. आणि मग तिची नजर अलगद वर गेली. दोराच्याही वर, जिथं निंबाची एक कोवळी डहाळी अगदी हाताला येईल अशी वाकली होती.

“कोकिळा!” ओट्यावरून ताईबाई गरजली. “नजर खाली!”